उनाड मुलगा आणि वेगळा वर्ग

शाळा चुकविणारा मुलगा कोणत्या गावात नसतो? परंतु हाच मुलगा अमेरिकेत कृष्णवर्णीय असला, तर त्याला शाळेपासून न्यायालय फारसे दूर राहत नाही, असे तेथील इतिहास सांगतो.

१९४५ साली ब्रुकलिनमधील फ्लॉइड पॅटरसन नावाचा दहा वर्षांचा मुलगा न्यायाधीशांपुढे उभा राहिला. त्याला वाचता येत नव्हते. त्या लाजेने तो शाळा टाळी, भुयारी रेल्वेच्या स्थानकातील अंधाऱ्या खोलीत लपून दिवस काढी आणि किरकोळ चोऱ्या करी. मुलाला शिक्षा करण्यापेक्षा सुधारावे, हे तत्त्व १८९९ साली शिकागोत पहिले बालन्यायालय निघाले तेव्हाच मान्य झाले होते. पण सुधारावयाचे कोठे? न्यूयॉर्कमधील पुष्कळ खाजगी संस्था कृष्णवर्णीय मुलांना घेतच नसत. ही उणीव भरून काढण्यासाठी १९३६ साली हडसन नदीच्या खोऱ्यात विल्टविक शाळा निघाली. १९४२ साली ती बंद पडण्याच्या बेतात असता काही नागरिकांनी ती सावरली व सर्व वर्णांच्या मुलांना खुली केली. त्यांत एलिनॉर रूझवेल्ट होत्या.

पॅटरसनला येथेच पाठविण्यात आले. एका शिक्षिकेने धीराने त्याला वाचावयास शिकविले. मुष्टियुद्धाची गोडीही येथेच लागली. १९५२ साली त्याने ऑलिंपिकचे सुवर्णपदक मिळविले आणि १९५६ साली, एकविसाव्या वर्षी, तो जगज्जेता झाला. सर्वांचेच असे झाले नाही. याच शाळेतला क्लॉड ब्राउन हार्लेमला परतताच पुन्हा वाकड्या वाटेला लागला. पुढे तो सावरला व १९६५ साली त्याने ती सारी हकीकत पुस्तकरूपाने जगापुढे ठेवली.

परंतु वेगळ्या वर्गाचे हे औषध सर्वत्र अशा मायेने दिले गेले नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या शाळांत बुद्धिमापन कसोटीत ७५ हून कमी गुण पडले की मुलाला मतिमंदांच्या वर्गात बसवीत. एकूण विद्यार्थ्यांत कृष्णवर्णीय मुले शेकडा सुमारे २८. या वर्गांत मात्र शेकडा ६६! १९७१ साली सहा मुलांच्या वतीने दावा लागला. त्यांच्याच समाजातील मानसशास्त्रज्ञांनी पुन्हा तपासले, तेव्हा सर्वांचे गुण ७५ च्या वर गेले. १९७९ साली न्यायमूर्ती रॉबर्ट पेकहॅम यांनी या कसोट्या पक्षपाती ठरविल्या. त्या वर्गांतून पुढे जाण्याची वाटच नव्हती, हे त्यांचे निरीक्षण अधिक मर्मभेदी होते.

वॉशिंग्टनमध्ये याच्या उलट घडत होते. वर्तनदोषाचे किंवा मंदबुद्धीचे कारण दाखवून मुलांना शाळेबाहेरच ठेवले जाई. १९७२ साली न्यायमूर्ती जोसेफ वॅडी यांनी निकाल दिला की, पैसा नाही ही सबब चालणार नाही. प्रत्येक मुलाला त्याच्या गरजेनुरूप शिक्षण मिळालेच पाहिजे. अशा निकालांतूनच १९७५ चा अपंग मुलांच्या शिक्षणाचा कायदा जन्मास आला.

एका शहरात मूल चुकीच्या वर्गात कोंडले गेले, दुसऱ्या शहरात रस्त्यावर सोडले गेले; दोन्हीकडे ते अक्षराला मुकले. पॅटरसनवरही उनाडपणाचा शिक्का होताच. परंतु याला वाचता का येत नाही, असे विचारणारे कोणी तरी त्याला वेळेवर भेटले. आपल्या वर्गातील मागच्या बाकावरच्या मुलाविषयी आपण हा प्रश्न विचारतो काय?