मोरपिसांचा झगा आणि दिल्लीचे कारागीर

पैठणीच्या पदरावरचा मोर आपल्या चांगल्या परिचयाचा आहे. लग्नकार्यात तो पदर खांद्यावर आला म्हणजे बाईच्या चालण्यातच फरक पडतो. असाच एक मोर दिल्लीहून पॅरिसला गेला आणि मडमेच्या झग्यावर बसून परत दिल्लीला आला. त्याची हकीकत शिवणटिपणाची आवड असणाऱ्या प्रत्येकीने जाणून घ्यावी अशी आहे.

सन १९०३ च्या १ जानेवारीस दिल्लीला मोठा दरबार भरला. सातवे एडवर्ड बादशहा झाले, त्याचा हा सोहळा. बादशहा स्वतः आले नाहीत. त्यांचे बंधू ड्यूक ऑफ कॅनॉट आले. व्हाइसरॉय होते लॉर्ड कर्झन. त्यांची पत्नी मेरी ही मूळची अमेरिकेतील शिकागोची, जन्म १८७०. दरबारानंतर त्याच महिन्यात लाल किल्ल्यात नाचाची मेजवानी झाली, तेव्हा तिने जो झगा घातला तो ‘मोरपिसांचा झगा’ म्हणून जगभर गाजला.

मोरच का? याच किल्ल्यात दिवाण-इ-खासमध्ये शाहजहान बादशहाचे मयूरासन होते. १७३९ मध्ये नादिरशहाने ते लुटून इराणला नेले. सिंहासन गेले, पण मोराचा राजेपणा लोकांच्या मनातून गेला नाही. नव्या सत्ताधाऱ्यांनी तोच मोर आपल्या अंगावर मिरवला.

झग्याचा बेत पॅरिसच्या वर्थ या प्रसिद्ध शिवणगृहाचा. वर घट्ट चोळीसारखा भाग, बारीक कंबर, खाली जमिनीवर लोळणारा लांब घोळ. सारी बेतणी विलायती. कापडावरचे काम मात्र संपूर्ण आपल्याकडचे. तलम कापडाचे तुकडे दिल्लीच्या किशनचंद यांच्या कारखान्यात जरदोजीने भरण्यात आले व मग पॅरिसला पाठवून तेथे जोडण्यात आले. खालच्या काठाला वर्थने शिफॉनची पांढरी गुलाबाची फुले लावली.

जरदोजी म्हणजे काय, ते थोडे सांगते. लाकडी चौकटीवर कापड ताणून बसवतात. कारागीर जमिनीवर बसून, एक हात कापडाच्या वर व एक खाली ठेवून काम करतात. सोन्याचा मुलामा दिलेली चांदीची तार, रेशमावर गुंडाळलेली कलाबतू आणि टिकल्या यांनी नक्षी भरतात. या झग्यावर एकावर एक चढलेली मोरपिसे भरली होती आणि प्रत्येक पिसाच्या डोळ्यात एकेक भुंगेऱ्याच्या पंखाचे हिरवेनिळे चकचकीत टरफल टाचले होते. पाहणाऱ्यांना ते पाचूच वाटत! झग्याचे वजन सुमारे साडेचार किलो, म्हणजे तान्ह्या मुलाएवढे.

येथे एक बारकावा लक्षात घ्या. आपले लुगडे अखंड असते. काठ, पदर, अंग यांची जागा मागावरच ठरते. कात्री लागत नाही. झगा तुकड्यांचा असतो. तेव्हा भरतकाम करणाऱ्याला कोणता तुकडा कुठे बसणार, पीस कोणत्या दिशेला वळणार याचा अंदाज आधीच हवा. तो साधला म्हणूनच दोन देशांत तयार झालेले वस्त्र एकजीव दिसले.

लेडी कर्झनला आपल्या कशिद्याची पारख होती, हे मान्य केले पाहिजे. १९०२ मध्ये राणी अलेक्झांड्राच्या राज्यारोहणाच्या झग्याचे भरतकामही तिने हिंदुस्थानातच करवून घेतले. त्यामुळे कारागिरांच्या हाताला काम मिळाले. पण दुसरी बाजूही आहे. १८९९-१९०० च्या भयंकर दुष्काळाला तेव्हा जेमतेम तीन वर्षे होत होती; आपल्या मुंबई इलाख्यालाही त्याची झळ लागली होती. अशा वेळी दरबारावर झालेल्या उधळपट्टीवर १९०३ च्या मद्रास काँग्रेसचे अध्यक्ष लालमोहन घोष यांनी कडक टीका केली. पुढे १९०५ मध्ये कर्झनसाहेबांनी बंगालची फाळणी केली, स्वदेशीची लाट उठली आणि त्याच ऑक्टोबरात पुण्यात विलायती कापडाची होळी पेटली. दरबारातही कापड आणि होळीतही कापडच! कापड ही केवळ बायकांच्या हौसेची बाब नव्हे, हे यावरून दिसते.

लेडी कर्झन १९०६ मध्ये, अवघ्या छत्तिसाव्या वर्षी वारली. तो झगा इंग्लंडमध्ये डर्बीशायर परगण्यात, कर्झन घराण्याच्या केडलस्टन हॉल या वाड्यात जपून ठेवला आहे. जरीची तार आता काळवंडली आहे. पण भुंगेऱ्याचे पंख अजून तसेच चमकतात. सोन्याचा मुलामा फिका पडला आणि किड्याचा पंख टिकला!

मला मात्र त्याहून एक गोष्ट जास्त बोचते. झगा घालणारीचे नाव राहिले, शिवणाऱ्या शिवणगृहाचे राहिले, कारखानदाराचेही राहिले. ज्यांनी चौकटीवर मान मोडून एकेक पीस भरले, त्यांची नावे कोणी घेत नाही. आपल्याकडे तरी वेगळे काय घडते? कुणाची गोधडी, कुणाचे रुखवत, कुणाची झबली. वापरणाऱ्याचे कौतुक होते, करणारी स्वयंपाकघरातच राहते. म्हणून सुचवावेसे वाटते की, यापुढे मंडळाच्या प्रदर्शनात मांडलेल्या प्रत्येक वस्तूखाली ती करणारीच्या नावाची चिठ्ठी असावी, मग ती वस्तू साधा बटवा का असेना. खर्च एका कागदाचा. पण तिच्या नातीला एक दिवस ती चिठ्ठी सापडेल.