एका गांवांतले दोन मित्र

मार्टिन मॅकडोना या नाटककारानें लिहिलेला व दिग्दर्शित केलेला 'द बॅन्शीज ऑफ इनिशेरिन' हा चित्रपट २०२२ सालीं प्रसिद्ध झाला. व्हेनिसच्या महोत्सवांत त्याच्या पटकथेला व कॉलिन फॅरेल या नटाला पारितोषिकें मिळालीं. पुढें ऑस्करसाठीं नऊ नामनिर्देशनें होऊन पदरांत मात्र एकहि पडलें नाहीं. कथानक अगदीं थोडें आहे. १९२३ सालीं आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याजवळच्या एका कल्पित बेटावर पॉरिक नांवाचा एक साधाभोळा माणूस चार गुरें पाळून राहतो. रोज दुपारीं दोन वाजतां आपल्या मित्राला, कोलमला, हांक मारावयाची आणि दोघांनीं मिळून मद्यगृहांत जावयाचें, हा त्याचा वर्षानुवर्षांचा नेम. एके दिवशीं कोलम उठत नाहीं. भांडण नाहीं, देण्याघेण्याचा तंटा नाहीं. तो एवढेंच सांगतो कीं तूं मला आवडेनासा झालास. आयुष्य थोडें उरलें आहे, तें या माणसाच्या गप्पांत घालविण्यापेक्षां फिडलवरच्या चार सुरावटी रचून मागें ठेवाव्या, असें त्यानें घेतलेलें असतें. पॉरिक पिच्छा सोडीत नाहीं, तेव्हां कोलम बजावतो कीं पुन्हां बोलावयास आलास तर दर खेपेस माझें एकेक बोट कापून तुला देईन. आणि तो तसें करतो. ज्या बोटांनीं वाजवावयाचें तींच बोटें! अशा प्रकाराला हल्लीं 'काळा विनोद' म्हणतात. शब्द उसना आहे, वस्तु आपल्या खेड्यांना नवी नाहीं.

खडवलीसारख्या गांवांत ज्यांचा जन्म गेला त्यांना या कथेंतील खरी अडचण चटकन् उमगेल. कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या मार्गावरचें हें लहानसें स्टेशन. जवळच भातसा नदी. येथें दोघांचें बिनसलें म्हणजे ते दूर जात नाहींत, कारण दूर जावयास जागाच नसते. सकाळची नेहमींची गाडी तीच, फलाट तोच, बाजार तोच. ज्याच्याशीं बोलणें टाकलें त्याचें तोंड दिवसांतून दोनदां तरी पाहावें लागतें, आणि त्या वेळीं भोंवतालचे लोक दोघांच्या तोंडांकडे पाहत असतात. इनिशेरिनवरहि तेंच. मद्यगृह एक, दुकान एक, आणि दुकानदारीण अशी कीं दुसऱ्यांचीं पत्रें फोडून वाचते. जो भेटेल तो पॉरिकला विचारतो, तुमचें भांडण झालें काय? भांडण झालेलें नसतें; तें या विचारण्यानेंच होत जातें.

दिग्दर्शकानें काळ समजून उमजून निवडला आहे. समुद्रापलीकडून यादवी युद्धाच्या तोफा ऐकूं येत असतात. ६ डिसेंबर १९२१ रोजीं आयरिश पुढाऱ्यांनीं लंडनमध्यें इंग्रजांशीं तह केला. ७ जानेवारी १९२२ रोजीं त्यांच्या प्रतिनिधिसभेनें तो ६४ विरुद्ध ५७ मतांनीं मान्य केला. आणि कालपर्यंत एका भाकरीचे वांटेकरी असलेले लोक त्याच वर्षाच्या जूनपासून एकमेकांवर गोळ्या झाडूं लागले. तहावर सही करणारा मायकेल कॉलिन्स आणि तहाच्या विरुद्ध उभा राहिलेला हॅरी बोलंड हे जिवलग मित्र होते. कॉलिन्सच्या बाजूच्या सैनिकांच्या गोळीनें बोलंड ऑगस्टच्या आरंभीं मेला, आणि तीनच आठवड्यांनीं कॉलिन्सहि विरुद्ध पक्षाच्या गोळीला बळी पडला. तो इतिहास तिकडच्यांनीं सांगावा हें बरें. आम्हांस तो चित्रपट पाहतांना राहून राहून आठवत होतें तें पुणें, आणि टिळक व आगरकर.

या दोघांच्या वियोगाविषयीं आम्ही पंचवीस-तीस वर्षें उत्तरपत्रिकांतून एकच उत्तर वाचीत आलों आहों. टिळक म्हणत आधीं राजकीय, आगरकर म्हणत आधीं सामाजिक. सबब ते वेगळे झाले. उत्तराला गुण द्यावे लागतात, कारण तें खोटें नाहीं. पण त्यानें कोडें सुटत नाहीं. मतभेदानेंच ही मैत्री तुटावयाची होती, तर मुळांत ती जडली कशी?

दोघेहि १८५६ च्या जुलैंतले. आगरकर १४ तारखेचे, टिळक २३ चे. अंतर नऊ दिवसांचें. एक कराडजवळच्या टेंभूचा, दुसरा रत्नागिरीचा. डेक्कन कॉलेजांत गांठ पडली आणि सरकारी नोकरीच्या मागें न लागतां लोकांना शिक्षण द्यावयाचें, हा बेत तेथेंच शिजला. मुलगा मोठ्या पगारावर चढेल ही आशा सोड, असें आगरकरांनीं आईला कळविलें, तें पत्र महाराष्ट्रांत सर्वांना ठाऊक आहे. १ जानेवारी १८८० रोजीं विष्णुशास्त्री चिपळूणकरांसह न्यू इंग्लिश स्कूल निघालें, आणि पुढच्या जानेवारींत 'केसरी' व 'मराठा'. कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्यासंबंधीं छापलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला आणि १८८२ सालीं दोघांनाहि चार महिन्यांची शिक्षा झाली. त्यांपैकीं १०१ दिवस त्यांनीं मुंबईस डोंगरीच्या तुरुंगांत काढले. आगरकरांनीं त्या दिवसांची हकीकत पुस्तकरूपानें लिहिली आहे. तींत मन रमतें तें हालअपेष्टांच्या वर्णनापेक्षां त्या दोघांच्या बोलण्यावर. रात्रीं वाद असे रंगत कीं आवाज चढल्याबद्दल पहाऱ्यावरच्यांनीं येऊन दटावावें. वादाचे विषय तरी कोणते? देशाची स्थिति, लोकांची स्थिति, धर्म, आपला पुढचा बेत. म्हणजे पुढें ज्यांवरून ते वेगळे झाले म्हणतात तेच. मतें तेव्हांहि एक नव्हतीं. मतभेद हें त्या मैत्रीचें अन्न होतें.

त्या अन्नाचें विष झालें तें, आमच्या मतें, वांटून घेण्याजोगें कांहीं निर्माण झालें तेव्हां. तुरुंगांत दोघांपाशींहि कांहीं नव्हतें. १८८४ सालीं डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, १८८५ सालीं फर्गसन कॉलेज निघालें. जेसुइट पाद्र्यांप्रमाणें सभासदांनीं थोडक्या वेतनावर राहावें, आपला सारा वेळ संस्थेला द्यावा, बाहेरची मिळकतहि आपली मानूं नये, हें टिळकांच्या मनांतील व्रत. आगरकरांचा संसार ओढगस्तीचा, त्यांत दम्याचा विकार जडलेला. वेतन थोडें वाढवावें कीं नाहीं, फावल्या वेळीं बाहेरचें काम करून चार पैसे मिळवावे कीं नाहीं, होळकर महाराजांकडून आलेली देणगी व्यक्तीची समजावी कीं संस्थेची, असल्या प्रश्नांवर बैठकी तापूं लागल्या. १८९० च्या डिसेंबरांत टिळकांनीं राजीनाम्यासोबत जें विस्तृत निवेदन दिलें तें जिज्ञासूंनीं अवश्य चाळावें. तत्त्वांचा महासंग्राम पाहावयास गेलेल्याची त्यांत निराशा होते. वेतन, वेळ, बाहेरचीं कामें, व्रतभंग, याचीच चर्चा फार. आम्हांस तो कागद कोणत्याहि शोकांतिकेइतका करुण वाटतो. ज्याला स्वतःला पैशाचा लोभ नाहीं त्यानें मित्रांच्या पैशांचा हिशेब मांडावा, आणि ज्यानें दारिद्र्य आपखुषीनें पत्करलें त्यानें तूं चार रुपयांवर जीव टाकतोस असें ऐकून घ्यावें!

वांटणीची दुसरी वस्तु 'केसरी'. पत्राला तोंड एकच असतें, आणि या पत्राच्या पाठीशीं माणसें दोन. १८८७ च्या ऑक्टोबरांत आगरकरांनीं 'केसरी'चें संपादकत्व सोडलें. वर्षानें त्यांनीं स्वतःचा 'सुधारक' काढला आणि त्याच्या इंग्रजी भागासाठीं तरुण गोखले त्यांना येऊन मिळाले. येथून पुढचीं दोन वर्षें विशेष कठीण. दोन पत्रें एकमेकांवर तुटून पडत होतीं, आणि तीं लिहिणारे दोघे एकाच कॉलेजांत शिकवीत होते. एक गणित, दुसरा इतिहास व तर्कशास्त्र. सकाळीं ज्याचा लेख वाचून रक्त उसळलें तोच दुपारीं शेजारच्या वर्गांतून बाहेर पडावा, असें तें लहानसें बेट होतें.

येथें पॉरिक कोण आणि कोलम कोण, हें ठरविण्याचा मोह वाचकांस होईल. आम्ही तो आवरतों, कारण दोघेहि आपापल्या परीनें कोलमच होते. हातून व्हावयाचें काम मैत्रीपेक्षां मोठें, ही दोघांचीहि श्रद्धा. आणि बोटें तुटलीं तीं दोघांनीं मिळून उभारलेल्या संस्थेचीं. चित्रपटांत पॉरिकची बहीण शिव्हॉन तेवढी शहाणी. ती बेट सोडून पलीकडे नोकरीस निघून जाते. टिळकांनीं १८९० सालीं संस्था सोडली, पण पुणें सोडलें नाहीं. १८९१ सालीं संमतिवयाच्या कायद्याचें वादळ उठलें तेव्हां ते दोघे पुन्हां समोरासमोर उभे होतेच.

बघे लोकांचें काय सांगावें! दोन पत्रांचे वाचक आपापल्या बाजूस टाळ्या पिटीत होते. सनातन्यांनीं आगरकरांची जिवंतपणीं प्रेतयात्रा काढली, आणि त्यांना ती पाहावी लागली. दोघांच्या वादांत तिसऱ्यांनीं एवढी चव घेतल्यावर मागें फिरण्याची वाट उरत नाहीं. पुढें विश्राम बेडेकरांनीं या मैत्रीवर नाटक लिहिलें, तेव्हांहि प्रेक्षागृहांत कांहीं जण टिळकांच्या बाजूचे व कांहीं आगरकरांच्या बाजूचे म्हणूनच येऊन बसले असतील, अशी आम्हांस दाट शंका आहे.

१८९२ सालीं वामन शिवराम आपटे वारल्यावर आगरकर फर्गसन कॉलेजचे प्रिन्सिपॉल झाले. शरीर थकलेलें होतें. १७ जून १८९५ रोजीं, वयाचें एकुणचाळिसावें वर्ष पुरें होण्यापूर्वींच, ते वारले. 'केसरी'ंतील मृत्युलेख टिळकांनींच लिहिला. तो लिहितांना त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतें, आणि एवढ्याशा मजकुराला त्यांस कित्येक तास लागले, अशी आठवण सांगितली जाते. इकडे आगरकरांच्या मागें घरांत एक पुडी निघाली. अंत्यविधीच्या खर्चाचा भार कोणावर पडूं नये म्हणून त्यांनीं त्यापुरते पैसे तींत अगोदरच बांधून ठेवले होते.