गहू-भाताचे चक्र आणि खोल जाणारे भूजल : पीकबदल का अडला, तज्ज्ञ काय सांगतात

चंदीगड : पंजाब आणि हरियाणा या दोन राज्यांची संयुक्त राजधानी असलेल्या चंदीगड शहराच्या सेक्टर ३९ मध्ये दोन महत्त्वाच्या व्यवस्था शेजारी शेजारी नांदतात. एक आहे शहराचे जलशुद्धीकरण केंद्र. भाक्रा मुख्य कालव्याचे पाणी काजौली येथून मोठ्या जलवाहिन्यांद्वारे येथे आणले जाते आणि शुद्ध करून शहराला पुरवले जाते. दुसरी आहे धान्यबाजाराची. आसपासच्या गावांतील शेतकरी वसंतात गहू आणि शरदात भात घेऊन येथे येतात आणि सरकारी यंत्रणा तो किमान आधारभूत किमतीने म्हणजे हमीभावाने खरेदी करते.

पाणी आणि धान्य यांचे हे शेजारपण पंजाबच्या आजच्या कृषिसंकटाचे सार सांगणारे आहे. देशाला धान्याच्या टंचाईतून बाहेर काढणाऱ्या या प्रदेशाच्या भूगर्भातील पाणी झपाट्याने खाली जात आहे. अर्थतज्ज्ञ, मृदाशास्त्रज्ञ आणि जलतज्ज्ञ गेली चार दशके याविषयी इशारा देत आहेत. त्यांच्या विवेचनातून निघणारा निष्कर्ष साधा आहे. शेतकऱ्याला पाण्याचे मोल कळत नाही, असे नव्हे; मात्र उत्पन्नाची खरी हमी त्याला गहू आणि भात या दोनच पिकांत मिळते. ही हमी अन्य पिकांना मिळाल्याखेरीज पीकबदलाचे आवाहन कागदावरच राहते.

चक्राची घडण

भारतीय अन्न महामंडळ आणि कृषिमूल्य आयोग या दोन्ही संस्थांची स्थापना १९६५ मध्ये झाली. त्याच सुमारास गव्हाची अधिक उत्पादन देणारी वाणे पंजाबात रुजू लागली. भाक्रा धरण १९६३ मध्ये राष्ट्राला अर्पण झाले होते. सुधारित बियाणे, सिंचन, रासायनिक खते आणि निश्चित दराने होणारी सरकारी खरेदी यांच्या संयोगातून हरितक्रांती घडली.

भात हे पंजाबचे परंपरागत मुख्य पीक नव्हे. १९६०-६१ मध्ये राज्यात भाताखाली सुमारे २.२७ लाख हेक्टर क्षेत्र होते. आज ते ३० लाख हेक्टरांहून अधिक आहे. मका, कडधान्ये, तेलबिया आणि कापूस यांची जागा क्रमाक्रमाने भाताने घेतली. दक्षिणेकडील माळवा भागाची ओळख असलेल्या कापसाचे क्षेत्र किडींच्या प्रादुर्भावामुळे आणखी आक्रसले आणि २०२४ मध्ये ते सुमारे १ लाख हेक्टरवर आले.

कालव्यांचे पाणी या विस्ताराला पुरेसे नव्हते. त्यामुळे १९७०-७१ मध्ये सुमारे १.९२ लाख असलेली कूपनलिकांची संख्या पुढे १४ लाखांच्या वर गेली. शेतीसाठी मोफत वीज देण्याचे धोरण १९९७ मध्ये आले. पाणी उपसण्याचा खर्च शेतकऱ्याच्या हिशेबातून जवळजवळ नाहीसा झाला, तरी त्याचा भार राज्याच्या तिजोरीवर आणि भूगर्भातील साठ्यावर पडत राहिला.

भूजलाचा ताळेबंद

भूजलाच्या २०२३ च्या राष्ट्रीय मूल्यमापनानुसार पंजाबमधील १५३ पैकी ११७ विभाग अतिशोषित गटात मोडतात. राज्यात दरवर्षी उपसण्याजोगे जितके भूजल उपलब्ध होते, त्याच्या सुमारे १६४ टक्के उपसा होतो. म्हणजे शंभर रुपयांची आवक असताना १६४ रुपये खर्च करून उरलेली रक्कम पूर्वजांच्या ठेवीतून काढण्यासारखा हा व्यवहार आहे.

ही घसरण अवकाशातूनही मोजली गेली आहे. पृथ्वीच्या गुरुत्वाकर्षणातील सूक्ष्म बदल टिपणाऱ्या ‘ग्रेस’ उपग्रहांच्या नोंदींवर आधारित मॅथ्यू रोडेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा अभ्यास २००९ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. ऑगस्ट २००२ ते ऑक्टोबर २००८ या काळात पंजाब, हरियाणा, दिल्ली आणि राजस्थान या पट्ट्यातून सुमारे १०९ घनकिलोमीटर भूजल नाहीसे झाले, असे त्यात नमूद होते.

पाणी खोल गेले की त्याचा आर्थिक भार सर्वांवर सारखा पडत नाही. उथळ कूपनलिका कोरडी पडल्यावर अधिक खोल खोदकाम आणि अधिक शक्तीचा पाण्यात बुडवून चालवायचा पंप घ्यावा लागतो. मोठा जमीनधारक हा खर्च पेलतो, तर अल्पभूधारकाला त्यासाठी कर्ज काढावे लागते किंवा शेजाऱ्याकडून पाणी विकत घ्यावे लागते. अशा प्रकारे पर्यावरणाचा प्रश्न कर्जबाजारीपणाचा आणि सामाजिक विषमतेचा प्रश्न बनतो.

जुने इशारे

या संकटाची चाहूल फार लवकर लागली होती. हरितक्रांतीचे एक शिल्पकार डॉ. एम. एस. स्वामीनाथन यांनी जानेवारी १९६८ मध्ये वाराणसी येथील भारतीय विज्ञान काँग्रेसमध्ये, भूजलाचा अनिर्बंध उपसा आणि जमिनीच्या सुपीकतेकडे दुर्लक्ष करून केलेली सघन शेती दीर्घकाळ टिकणार नाही, असे बजावले होते.

कृषिअर्थतज्ज्ञ डॉ. सरदारासिंग जोहल यांच्या अध्यक्षतेखालील समितीने १९८६ मध्ये गहू-भाताखालील किमान २० टक्के क्षेत्र अन्य पिकांकडे वळवण्याची शिफारस केली. त्यांच्याच नेतृत्वाखालील २००२ च्या अहवालाने १० लाख हेक्टर क्षेत्र या चक्रातून बाहेर काढण्याचा आणि त्यासाठी शेतकऱ्यांना थेट भरपाई देण्याचा प्रस्ताव मांडला. शेतकऱ्याचे नुकसान भरून दिल्याशिवाय बदल शक्य नाही, ही त्यामागची भूमिका होती. त्यानंतरही भाताचे क्षेत्र वाढतच राहिले.

कारण बाजाराच्या रचनेत आहे. केंद्र सरकार २२ पिकांसाठी हमीभाव जाहीर करते. परंतु पंजाबात भरवशाची आणि मोठ्या प्रमाणावरील सरकारी खरेदी गहू आणि भात यांचीच होते. मका किंवा मूग पिकवणाऱ्या शेतकऱ्याला जाहीर दर ठाऊक असतो. त्या दराने माल घेणारा मिळेलच, याची खात्री नसते.

पाणी वाचले, धूर वाढला

एक प्रश्न सोडवताना दुसरा कसा उद्भवतो, याचे उदाहरण २००९ च्या कायद्यात आढळते. मे आणि जूनच्या पूर्वार्धात पंजाबात उष्णता तीव्र असते. त्या काळात भाताची पुनर्लावणी केल्यास शेतात साठवलेल्या पाण्याचे मोठ्या प्रमाणावर बाष्पीभवन होते. लावणी पावसाच्या आगमनाजवळ नेल्यास हे नुकसान टळते, असे लुधियाना येथील पंजाब कृषी विद्यापीठातील मृदाशास्त्रज्ञ डॉ. गुरदेवसिंग हिरा आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या संशोधनाने दाखवले होते. याच आधारावर पंजाब भूजल संरक्षण कायदा झाला आणि १० जूनपूर्वी पुनर्लावणी करण्यास मनाई करण्यात आली. पुढे ही तारीख आणखी लांबवण्यात आली.

लावणी लांबली तशी कापणीही लांबली. भाताची कापणी आणि गव्हाची पेरणी यांच्यातील अवधी अत्यंत कमी उरला. यंत्राने कापणी झाल्यावर शेतात राहिलेले काड हटवण्याचा सर्वांत स्वस्त आणि जलद मार्ग म्हणजे ते पेटवून देणे. काड जाळण्याच्या घटना त्यामुळे ऑक्टोबरच्या अखेरीस आणि नोव्हेंबरमध्ये एकवटल्या. याच दिवसांत वारा मंदावतो, हवा थंड होते आणि धूर जमिनीलगत साचून राहतो. गहू-मका संशोधनासाठी असलेल्या ‘सिमिट’ या आंतरराष्ट्रीय संस्थेतील संशोधक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१९ मध्ये ‘नेचर सस्टेनेबिलिटी’मध्ये भूजल बचत आणि वायुप्रदूषण यांतील ही ओढाताण मांडली.

कमी दिवसांत पक्व होणारे ‘पीआर १२६’ हे वाण या कोंडीवरील अंशतः उपाय ठरते. दीर्घ मुदतीच्या ‘पुसा ४४’ वाणापेक्षा त्याला कमी पाणी लागते आणि कापणीनंतर गव्हाच्या पेरणीला अधिक दिवस मिळतात. पुनर्लावणीऐवजी थेट पेरणी करणाऱ्यांना पंजाब सरकारने २०२२ पासून एकरी १,५०० रुपयांचे साहाय्य देऊ केले. वाचवलेल्या प्रत्येक युनिट विजेमागे ४ रुपये देणारी ‘पानी बचाओ, पैसा कमाओ’ योजना २०१८ मध्ये सुरू झाली. हरियाणाने २०२० मध्ये ‘मेरा पानी, मेरी विरासत’ योजनेतून भात सोडणाऱ्यांना एकरी ७,००० रुपये देऊ केले. मात्र वाण किंवा लावणीची पद्धत बदलली, तरी पीक भातच राहते. आणि अनुदान एखाद्या हंगामापुरते असल्यास त्याच्या भरवशावर कुटुंबाचे दीर्घकालीन नियोजन होत नाही.

महाराष्ट्राचा आरसा

मराठी वाचकाला हे चित्र परके वाटण्याचे कारण नाही. पंजाबात जे स्थान भाताचे, ते महाराष्ट्राच्या अनेक भागांत उसाचे आहे. राज्याच्या एकूण पीकक्षेत्रापैकी जेमतेम ४ टक्के क्षेत्रावरील ऊस सिंचनाचे जवळपास ७० टक्के पाणी घेतो, याकडे कृषिमूल्य आयोगाच्या अहवालाने लक्ष वेधले आहे. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहराला मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, तेव्हा मराठवाड्यातील ऊस आणि साखर कारखाने हा सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. राज्य मंत्रिमंडळाने २०१७ मध्ये उसासाठी ठिबक सिंचन अनिवार्य करण्याचा निर्णय घेतला.

येथेही मूळ कारण तेच आहे. उसाला रास्त आणि किफायतशीर दर कायद्याने ठरवून दिलेला असतो आणि गावाजवळ ऊस घेणारा कारखाना असतो. ज्वारी, तूर किंवा हरभरा यांच्यामागे तितकी भक्कम व्यवस्था नसते.

नाबार्ड आणि ‘इक्रिअर’ यांच्यासाठी अशोक गुलाटी व सहकाऱ्यांनी २०१८ मध्ये सिद्ध केलेल्या अहवालाने दोन्ही राज्यांना एकाच मापाने मोजले. एकरी उत्पादनाऐवजी पाण्याच्या प्रत्येक घनमीटरमागे मिळणारे उत्पादन पाहिले, तर क्रम बदलतो. सिंचनाच्या एका घनमीटर पाण्यात पंजाबात सुमारे ०.२२ किलो तांदूळ पिकतो; छत्तीसगडमध्ये हे प्रमाण ०.६८, तर झारखंडमध्ये ०.७५ किलो आहे. उसाच्या बाबतीतही एकरी उत्पादनात पुढे असलेला महाराष्ट्र पाण्याच्या उत्पादकतेत बिहार आणि उत्तर प्रदेशाच्या मागे पडतो. पाऊसमान अधिक असलेल्या पूर्वेकडील राज्यांत सरकारी खरेदी बळकट करावी आणि उत्तर-पश्चिमेचा भार हलका करावा, या मताला या आकडेवारीचा आधार मिळतो.

महाराष्ट्रात याची दुसरी बाजूही दिसते. १९७२ च्या दुष्काळानंतर विलासराव साळुंखे यांनी पुरंदर तालुक्यातील नायगाव येथे पाणी पंचायतीचा प्रयोग उभा केला. पाण्याचा वाटा जमिनीच्या आकारावर न ठरवता कुटुंबातील माणसांच्या संख्येवर ठरला, भूमिहीनांनाही हक्क मिळाला आणि उसासारखी अधिक पाणी पिणारी पिके वर्ज्य मानली गेली. अहिल्यानगर जिल्ह्यातील हिवरे बाजारने पोपटराव पवार यांच्या नेतृत्वाखाली सिंचनासाठी कूपनलिका घेण्यावर बंदी घातली आणि दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवण्याची प्रथा पाडली. या गावांनी प्रथम पाण्याची समान वाटणी केली, मगच निर्बंध स्वीकारले. निर्बंध टिकण्यामागे हे क्रमाचे भान आहे.

पुढील वाट

दिल्लीच्या सीमांवर २०२०-२१ मध्ये झालेल्या शेतकरी आंदोलनाचा आणि त्यानंतर तीन कृषी कायदे मागे घेतले जाण्याचा अर्थ याच संदर्भात लावावा लागतो. हमीभावाला कायदेशीर आधार देण्याची मागणी आंदोलनाच्या केंद्रस्थानी होती. फेब्रुवारी २०२४ मधील वाटाघाटींत कडधान्ये, मका आणि कापूस पाच वर्षे हमीभावाने खरेदी करण्याचा प्रस्ताव केंद्राने ठेवला; शेतकरी नेत्यांनी तो अपुरा म्हणून नाकारला. प्रस्ताव बारगळला, तरी पीकबदलाची गुरुकिल्ली खरेदीच्या हमीत आहे, हे सरकारनेही त्यातून मान्य केले होते.

हमीभाव सरसकट काढून घेतल्यास अल्पभूधारक कोसळेल आणि आहे तसाच ठेवल्यास भूजल संपेल, अशी ही कोंडी आहे. जोहल समितीची भरपाई, पूर्वेकडील राज्यांत भातखरेदी वाढवण्याची सूचना आणि पाणी पंचायतीची समन्यायी वाटणी हे तिन्ही मार्ग वेगवेगळे असले, तरी एका मुद्द्यावर एकत्र येतात. बदलाचा धोका एकट्या शेतकऱ्यावर टाकता येणार नाही. सेक्टर ३९ च्या बाजारात भाताइतक्याच खात्रीने मका आणि मूग विकला जाऊ लागेल, तेव्हाच भूगर्भातील उपसा कमी होण्यास आरंभ होईल.