लाख, लाकूड आणि जखम

घरातील लाकडी सामानाची किरकोळ दुरुस्ती हा विषय वाङ्मयीन चर्चेत सहसा येत नाही. मेजावर उमटलेले पेल्याचे पांढरे वर्तुळ, खुर्चीच्या हातावरचा ओरखडा, कपाटाची दबलेली कड ही सारी कामे आपण सुतारावर सोपवून मोकळे होतो. मात्र या दुरुस्तीत दीर्घकाळ वापरल्या गेलेल्या एका द्रव्याचा इतिहास पाहिला, तर भाषा, वैद्यक, व्यापार आणि हस्तकौशल्य यांचे धागे त्यात गुंतलेले दिसतात. ते द्रव्य म्हणजे लाख.

अथर्ववेदाच्या पाचव्या कांडातील पाचवे सूक्त लाक्षेला उद्देशून आहे. काठीने वा बाणाने झालेली जखम भरून काढण्याचे सामर्थ्य तेथे तिच्या ठायी कल्पिले आहे. महाभारताच्या आदिपर्वात हीच लाख पांडवांना जाळण्यासाठी बांधलेल्या घरात येते. एका ठिकाणी ती सांधते, दुसऱ्या ठिकाणी पेटते. सुतार लाखेचे हे दोन्ही गुण ओळखून असतो.

पळस, बोर, कुसुम अशा झाडांच्या कोवळ्या फांद्यांवर वाढणारा कीटक लाख निर्माण करतो. गोव्यात १५६३ साली छापलेल्या आपल्या ग्रंथात गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने तिची चर्चा केली. १७८१ मध्ये जेम्स केर याने या कीटकाचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध केले. एकोणिसाव्या शतकात युरोपात चपडा स्पिरिटमध्ये विरघळवून केलेले फ्रेंच पॉलिश लोकप्रिय झाले आणि लाखेला मोठी बाजारपेठ मिळाली. १९२४ मध्ये रांचीजवळ नामकुम येथे लाखेसाठी स्वतंत्र संशोधनसंस्थाच उभी राहिली.

चपड्याच्या पॉलिशचे वैशिष्ट्य असे, की सुकलेला थरही स्पिरिट लागताच पुन्हा मऊ होतो. त्यामुळे नवा हात जुन्या थरात मिसळून जातो. पांढरा डाग म्हणजे बहुधा पॉलिशच्या थरात अडकलेली ओल. फडक्यात गुंडाळलेल्या कापसाच्या बोळ्याला जेमतेम स्पिरिट लावून तो हलक्या हाताने फिरवला, की थर सैल होतो आणि ओल निघून जाते. ओरखड्यात पातळ पॉलिशचे दोन-तीन हात पुरतात. खोल खड्डा असेल, तर लाखेची कांडी गरम सुरीने वितळवून त्यात भरतात आणि सपाट करतात. दबलेल्या जागेतील तंतू तुटलेले नसतात, नुसते चेपलेले असतात; तेथले पॉलिश काढून ओल्या फडक्यावरून गरम इस्त्री फिरवली, तर ते फुगून वर येतात. अर्थात स्पिरिट आगीपासून दूर ठेवायचे; लाक्षागृहाची आठवण येथे उपयोगी पडते.

विसाव्या शतकात हे चित्र पालटले. गरम पाण्याने सुटणाऱ्या सरसाच्या जागी १९५९ पासून फेव्हिकॉलसारखा पांढरा गोंद आला. पुढे सनमायका आणि पॉलियुरेथेनही आले. गरम कप आणि सांडलेले पाणी ही द्रव्ये चपड्यापेक्षा कितीतरी चांगली सोसतात, हे मान्य करायलाच हवे. परंतु त्यांवर पडलेला ओरखडा मूळ थरात विरघळवून मिटवता येत नाही. अनेकदा सगळा पृष्ठभाग घासावा लागतो किंवा बदलावा लागतो. जी वस्तू पुन्हा पुन्हा नीट करता येते ती टिकाऊ, हा जुना अर्थ मागे पडला. जिला काही होतच नाही ती टिकाऊ, हा नवा अर्थ रूढ झाला. मग काही झालेच, तर ती वस्तू भंगारात जाते.

साहित्याच्या अभ्यासकाला हा फरक परका वाटू नये. पोथीतील गळालेली अक्षरे संपादक कंसात भरतो. पुढच्या अभ्यासकाला ती वेगळी काढता यावीत, हा त्यामागचा हेतू. वस्तूंच्या जतनशास्त्रातही केलेली दुरुस्ती शक्यतो उलटवता यावी, असा दंडक आहे. जुन्या सुताराच्या हातात चपडा आणि सरस यांमुळे हे तत्त्व आपोआप पाळले जात होते.

म्हणून आजोबांचे मेज विकण्यापूर्वी त्याच्या आतल्या, न दिसणाऱ्या कडेला स्पिरिटचा एक थेंब लावून पाहावा. तेथला थर चिकट झाला, तर ते बहुधा चपड्याचे पॉलिश आहे, आणि ते मेज घरच्या घरी नीट होऊ शकते.