देवगिरीचा कडा आणि कोठार

मंडळी, किल्ला म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर सह्याद्रीतला गड उभा राहतो. भोवती दाट रान, दोन-तीन तासांची चढण आणि वर वाहणारा वारा. आज आपण पाहणार आहोत तो देवगिरी, म्हणजेच दौलताबाद, या जातीचा नव्हे. छत्रपती संभाजीनगरहून वेरूळच्या रस्त्याला लागलं की पंधराएक किलोमीटरवर एक सुटा, शंकूसारखा डोंगर दिसतो. उंची जेमतेम सहाशे फूट. सभासदाच्या बखरीत शिवाजी महाराज रायगड पाहून जे बोलले म्हणून दिलं आहे, त्याचा आशयही हाच आहे की दौलताबाद हा गड खरोखर उत्तम, पण उंचीला कमी.

मग या ठेंगण्या डोंगराला एवढं नाव कशामुळे? उत्तर डोंगराच्या कमरेला आहे. बाराव्या शतकाच्या अखेरीस भिल्लम यादवाने इथे राजधानी केली. त्यानंतर केव्हातरी या डोंगराचा खालचा भाग चहूबाजूंनी उभा तासून काढला गेला. इतर ठिकाणी माणसं कड्यावर भिंत बांधतात, इथे डोंगराचीच भिंत केली. शंभर फुटांच्या आसपास उंचीचा सरळसोट कातळ, त्याला ना सांधा ना चुना. भिंतीच्या पायाखाली सुरुंग लावता येतो, पण जिला पायाच नाही तिला काय लावणार? हाकेच्या अंतरावर वेरूळ आहे. शतकानुशतकं हाच काळा पाषाण कोरत आलेल्या मुलखात हे काम व्हावं, यात आम्हाला नवल वाटत नाही.

खालून येऊ. पहिला अंबरकोट, हा शहराला वळसा घालणारा बाहेरचा तट. मग महाकोट, मग काळाकोट. महाकोटाच्या दरवाजांपाशी जरा थांबायला हवं, कारण घाईत असलेला प्रवासी इथून नुसता फोटो काढून पुढे जातो. दरवाजाच्या फळ्यांवर लोखंडी खिळे आहेत. ते शोभेचे नव्हेत, हत्तीने कपाळाची धडक देऊ नये म्हणून ते आहेत. पण त्याहून महत्त्वाची आहे ती वाट. एका दरवाजातून आत शिरलं की समोर दुसरा दरवाजा दिसत नाही. आपण एका बंदिस्त चौकात येतो, वळतो, मग पुढची कमान दिसते. हत्तीला धाव घ्यायला सरळ जागाच ठेवलेली नाही. ओंडका घेऊन धावणाऱ्यांचीही तीच गत. आणि वळताना पाठ, बगल सगळं वरच्या तटावरच्या माणसाला उघडं पडतं. आपल्या गडांवर यालाच रणमंडळ म्हणतात.

पुढे खंदक, तोही कातळात खोदलेला. त्यावरचा जुना दगडी पूल मधोमध खाली उतरतो नि पायऱ्यांनी पुन्हा वर चढतो. हे विचित्र वाटतं, पण खंदकात पाणी अडवून पातळी वाढवली की तो खोलगट भाग बुडावा, अशी ती योजना. खंदकातल्या मगरींच्या गोष्टी गाईड लोक रंगवून सांगतात. त्या तुम्ही ऐका, विश्वास ठेवायची सक्ती नाही.

आणि मग अंधारी. कातळाच्या पोटातून वर जाणारा, वळणावळणाचा, कमी-जास्त उंचीच्या पायऱ्यांचा बोगदा. भर दुपारीही दिवा लागतो, वटवाघळांचा वास वेगळाच. शाहजहानच्या दरबारचा इतिहासकार अब्दुल हमीद लाहोरी हे सगळं वर्णन करतो, आणि सांगतो की वाटेत ठेवायला एक मोठी लोखंडी शेगडी होती. तिच्यात जाळ केला की कुणाची पुढे यायची छाती होत नसे.

इथे एक गंमत पाहा. लाहोरीच्या तीनशे वर्षं आधी, मुहम्मद तुघलकाच्या काळात इब्न बतूता इथे आला होता. तो म्हणतो की बालेकिल्ल्यावर कातड्याच्या शिडीने चढतात आणि रात्री ती शिडी वर ओढून घेतात. (तिथल्या तळघरातले उंदीर मांजरापेक्षा मोठे, हेही तोच सांगतो.) अंधारीचा तो उल्लेख करत नाही. तेव्हा सगळीच व्यवस्था यादवांची, असं छातीठोकपणे सांगणाऱ्यांनी जरा दमानं घ्यावं. आमच्या मते हा किल्ला एका हाताचा नाही. यादव, तुघलक, बहमनी, निजामशाही, ज्याने त्याने आपापल्या भीतीप्रमाणे त्यात भर घातली.

आता खरा प्रश्न. इतकं करूनही देवगिरी पडला, एकदा नव्हे, अनेकदा. कसा?

१२९६ मध्ये अलाउद्दीन खलजी अचानक आला, तेव्हा रामदेवरायाची मुख्य फौज बाहेर होती. राजा बालेकिल्ल्यात गेला. फिरिश्ता लिहितो की घाईघाईत धान्याची म्हणून जी पोती वर नेली, ती उघडली तेव्हा आत मीठ निघालं. गोष्ट तंतोतंत खरी असेल नसेल, पण तिच्यातलं दुखणं खरं आहे. कडा शाबूत, पोटात अन्न नाही.

पुढे अहमद निजामशहाने हा किल्ला घेतला तो १४९९ च्या सुमारास. त्याने कड्याला हातच लावला नाही. वर्षानुवर्षं पिकं हाताशी आली की यायचं नि आसपासचा मुलूख उजाड करायचा, एवढाच त्याचा क्रम. किल्ला पायथ्याच्या शेतांवर जगतो, हे त्याने नेमकं ओळखलं होतं. त्या शेतकऱ्यांचं काय झालं, याची नोंद मात्र कुणी ठेवली नाही.

१६३३ चा वेढा महाबतखानाचा. आत मलिक अंबरचा मुलगा फत्तेखान आणि अल्पवयीन निजामशहा. मोगलांनी सुरुंग लावून अंबरकोट फोडला, मग महाकोट. म्हणजे बांधलेली भिंत सुरुंगाला बळी पडली, तासलेला कडा नाही. पण विजापूरकरांनी आत रसद पोचवायचे केलेले प्रयत्न फसले आणि वरच्यांचं धान्य संपत आलं. जून महिन्यात फत्तेखानाने मोगलांकडून मोठी रक्कम घेऊन किल्ला स्वाधीन केला. अंधारीतली शेगडी पेटवायची वेळच आली नाही.

अठराव्या शतकाच्या सुरुवातीला रामचंद्रपंत अमात्यांनी आज्ञापत्र लिहिलं. त्यात गडाला एकच दरवाजा असणं हा मोठा दोष मानला आहे. दोन-तीन दरवाजे असावेत, चोरदिंड्या असाव्यात, असं ते सांगतात. देवगिरीच्या माथ्यावर जायला वाट एकच. शत्रूला वर येणं अवघड, पण आतल्यांना गुपचूप बाहेर पडणं किंवा चार पोती आत आणणंही तितकंच अवघड. जे बळ, तेच बंधन.

औरंगजेबाच्या हे ध्यानात आलं असावं. १६८७ मध्ये गोवळकोंडा पडल्यावर तिथला शेवटचा सुलतान अबुल हसन तानाशाह याला ठेवायला त्याने हाच किल्ला निवडला. खंदक, कोट, वळणाचे दरवाजे सगळं तेच, फक्त पहाऱ्याचं तोंड आतल्या बाजूला. काळ्या कोटाजवळचा चिनी महाल गाईड आजही दाखवतात. उरलेलं आयुष्य तानाशाहाने तिथेच काढलं.