नऊ हजार आरपीएमचा हट्ट

आजचा भाग कोल्हापूरच्या एका गॅरेजमधून सुरू करतो. माझ्या मामेभावाकडे पहिल्या पिढीची होंडा सिटी होती, व्हीटेकवाली. एका रात्री हायवेवर हा पठ्ठ्या तिसऱ्यातून चौथा गिअर टाकायला गेला आणि पडला दुसरा. साडेसहा हजारांवर फिरणारं इंजिन क्षणात नऊ हजारांच्या पुढे! लिमिटर काय करणार? तो फक्त पेट्रोल तोडतो, इथे तर चाकंच इंजिनला फिरवत होती. मिस्त्रींनी हेड उतरवलं आणि वाकलेले व्हॉल्व्ह त्याच्या हातावर ठेवले.

तो म्हणाला, "पण मिस्त्री, एस२००० नऊ हजार मारते की!"

"ती त्यासाठीच बनवलीया. ही न्हाई."

या एका वाक्यामागे चाळीसेक वर्षांचा इतिहास आहे.

पॉवर म्हणजे टॉर्क गुणिले आरपीएम. इंजिन मोठं करायचं नसेल तर ते जोरात फिरवा, एवढाच हिशोब. जपानात गाडीचा कर इंजिनच्या सीसीवर ठरतो, त्यामुळे लहान इंजिनातून जास्त काढणं तिथे फायद्याचं. होंडाला तर मोटरसायकल रेसिंगमुळे हे वेड आधीपासूनच. १९६६च्या एस८००चं इंजिन फक्त ७९१ सीसीचं, आणि ७० हॉर्सपॉवर मिळायची ८,००० आरपीएमला. त्या काळच्या रस्त्यावरच्या गाडीसाठी हे अचाटच होतं.

अडचण कुठे येते बघा. आरपीएम वाढले की पिस्टन आणि कनेक्टिंग रॉडवरचा ताण वर्गाने वाढतो. आठ हजारांवरून नऊ हजार म्हणजे ताण सुमारे २७ टक्के जास्त. आणि नऊ हजारांवर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला ७५ वेळा उघडतो. स्प्रिंगला तो वेळेत परत बसवता आला नाही तर व्हॉल्व्ह हवेत तरंगतो आणि वर येणारा पिस्टन त्याला गाठतो. कडक स्प्रिंग टाकली तर कॅम घासतो, ताकदही वाया जाते. फुकट काहीच मिळत नाही.

दुसरं दुखणं कॅमचं. वरच्या आरपीएमला जो कॅम छान चालतो, तो ट्रॅफिकमध्ये इंजिनला गुदमरवतो. याच्यावरचा होंडाचा तोडगा म्हणजे १९८९ची इंटेग्रा. तिच्या १.६ लिटर बी१६ए इंजिनात खालच्या आरपीएमसाठी एक कॅम आणि वरसाठी दुसरा. ऑइलच्या दाबाने एक पिन सरकते आणि रॉकर एकमेकांना जोडले जातात, बस्स. टर्बोशिवाय १६० हॉर्सपॉवर, म्हणजे लिटरला शंभर! मला विचाराल तर होंडाचं सगळ्यात हुशार काम हेच.

मग १९९९मध्ये एस२००० आली. तिच्या एफ२०सी इंजिनाचा बोअर ८७ मिमी, स्ट्रोक ८४ मिमी. स्ट्रोक आखूड का? कारण एका फेरीत पिस्टन स्ट्रोकच्या दुप्पट अंतर कापतो. तरी नऊ हजारांवर पिस्टनचा सरासरी वेग सेकंदाला २५.२ मीटर निघतो! त्यासाठी फोर्ज्ड पिस्टन आणि फायबर मिसळलेल्या धातूचे सिलिंडर लायनर वापरले. जपानी मॉडेलची पॉवर २५०, पण ती ८,३०० आरपीएमला. खाली मात्र गाडी थोडी मंद वाटायची, आणि अमेरिकेतल्या गिऱ्हाइकांची तक्रार नेमकी हीच होती.

२००४मध्ये होंडाने तिकडच्या गाडीत स्ट्रोक ९०.७ मिमी केला. इंजिन २.२ लिटरचं झालं, टॉर्क वाढला, पॉवर तेवढीच, आणि रेडलाइन उतरली ८,०००वर. आता गंमत ऐका: नव्या रेडलाइनला पिस्टनचा वेग येतो सेकंदाला २४.२ मीटर, म्हणजे जवळपास तेवढाच. स्ट्रोक लांबवला की आरपीएम सोडावेच लागतात. जुने चाहते चिडले. मीही त्यांच्याच बाजूचा, पण रोज गाडी चालवणाऱ्याला २.२ जास्त सुखाची, हे मान्य करावंच लागतं.

मामेभावाला आता कडक स्प्रिंग आणि मोठा कॅम टाकायचा होता. मिस्त्रींनी एकच विचारलं, "रोज हापिसला हीच न्यायचीया ना?"

त्याने नवे व्हॉल्व्ह टाकले, स्टँडर्डच. क्लच मात्र स्वतःहून बदलून घेतला.