रिठदच्या अंगणातील दीपगृह आणि दीपमाळेचा उजेड

वाशीम जिल्ह्याच्या रिसोड तालुक्यातील रिठद या गावापासून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरहून दूर आहे. असे असूनही गेल्या महिन्यापासून रिठदमध्ये एक दीपगृह उभे आहे. माझ्या मामांनी ते रस्त्याच्या कडेला सिमेंटच्या कुंड्या आणि मूर्ती विकणाऱ्याकडून आणले. चार फूट उंची, तांबडे-पांढरे पट्टे, माथ्यावर काचेची इवलीशी खोली. जास्वंद आणि तुळशीवृंदावन यांच्या मध्ये त्याची स्थापना झाली आणि संध्याकाळी मला दूरध्वनी आला : "तू इतिहास शिकून राह्यली न, मंग सांग बरं, याच्यात लाइट कोन्ता लावू?"

मामांनी थट्टेने विचारले होते, पण प्रश्न मनातून जाईना. मनोऱ्यात दिवा कोणता आणि कुठे लावायचा, हा प्रश्न आपल्याकडे काही शतके जुना आहे. आजचा धागा त्याच्या उत्तरासाठी. मामांनी तो शेवटपर्यंत वाचावा, ही विनंती.

आधी खरे दीपगृह पाहू. त्याचा दिवा ज्याच्यासाठी असतो तो माणूस कित्येक कोस दूर, अंधाऱ्या पाण्यावर असतो. त्याला मनोरा दिसण्याची गरज नसते. फक्त प्रकाशाचा एक ठिपका दिसावा आणि तो कोणत्या ठिकाणचा हे ओळखू यावे, एवढेच पुरते. म्हणून सारा उजेड माथ्यावर एकाच जागी गोळा करतात. फ्रेंच अभियंता फ्रेनेल याने १८२३ मध्ये कोर्दुआँच्या दीपगृहात भिंगांची जी रचना बसवली, तिचे काम हेच होते : चहूकडे विखुरणारा प्रकाश वळवून क्षितिजाच्या दिशेने सोडणे. दिवा मिचकावण्याची लयही ओळखीसाठीच ठरलेली असते, आणि अंगावरचे पट्टे दिवसा ओळख पटावी म्हणून. मामांच्या मनोऱ्यावरचे पट्टे शोभेचे वाटतात खरे, पण मुळात ती खलाशांसाठीची खूण आहे.

आपल्या किनाऱ्यावर ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकात पसरली. शिवाजी महाराजांनी १६७९ मध्ये ज्या खांदेरी बेटावर दुर्गाचे काम सुरू केले, त्याच बेटावर इंग्रजी अमलात १८६७ मध्ये दीपगृह उभे राहिले. गोव्यात आग्वादच्या किल्ल्यातील पोर्तुगीज दीपगृह १८६४ चे; ते १९७६ पर्यंत कामात होते.

आग्वाद पाहून झाल्यावर त्याच दिवशी फोंडा तालुक्यात मंगेशीला जावे. देवळासमोर पांढराशुभ्र, अष्टकोनी, सात मजल्यांचा दीपस्तंभ उभा आहे. नवखा माणूस त्याला सहज दीपगृह समजेल. मजल्यांची चढती रचना, कमानी, चुन्याचा पांढरा रंग; गोव्याच्या मंदिरांवर पोर्तुगीज काळातील बांधणीची छाया पडलेली आहेच. मात्र सणाच्या रात्री दोन्हींतला फरक लख्ख कळतो. आग्वादचा दिवा एकटा, उंचावर, काचेआड असे. मंगेशीचे दिवे मनोऱ्याच्या अंगभर, मजल्यामजल्यावरच्या कोनाड्यांतून लागतात. पहिल्या रचनेत मनोरा अंधारात राहतो आणि उजेड दूर जातो. दुसरीत उजेड जवळच राहतो आणि मनोरा दिसू लागतो.

देशावरची आपली दगडी दीपमाळ या दुसऱ्या कुळातली. आज दिसणाऱ्या बहुतेक दीपमाळा मराठा कालखंडातील आहेत. खाली चौथरा, त्यावर वर निमुळता होत जाणारा गोल किंवा अष्टकोनी खांब, आणि खांबातून बाहेर आलेले दगडी हात. जेजुरीच्या पायऱ्या चढताना दोन्ही अंगांना त्या एकामागून एक लागतात, कारण खंडोबाला बोललेला नवस दीपमाळ बांधून फेडण्याची रीत होती. काहींवर बांधणाऱ्याचे नाव कोरलेले सापडते. दगडी हात नुसते दिवे ठेवण्यापुरते नसतात; त्यांच्यावरच पाय देत माणूस वर चढतो आणि चढता चढता दिवे लावतो. म्हणजे दीपमाळ उजळायची तर एका माणसाला तिच्या अंगाखांद्यावर जावेच लागते. खालून कोणी तेल देतो, कोणी वाती पुरवतो. कळ दाबून होणारे हे काम नव्हे.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा लक्षात आली, अभ्यासक्रमात ती कोणी सांगितली नव्हती. दीपमाळ उजळण्याचा मुख्य दिवस त्रिपुरी पौर्णिमा, म्हणजे कार्तिकी पौर्णिमा. पावसाळा सरलेला, आकाश निरभ्र, डोक्यावर पूर्ण चंद्र. ज्या रात्री वाट दिसण्यासाठी दिव्याची गरज सर्वांत कमी, नेमकी तीच रात्र निवडलेली! अंधार घालवण्यासाठी हे दिवे असते तर अमावास्या निवडली असती. दीपगृहाचा धर्म नेमका उलट; जितकी काळोखी रात्र, तितकी त्याची किंमत अधिक.

आता दिव्यात काय जळत असे, ते पाहू. आपल्या वऱ्हाडात तीळ, जवस, करडई शेतातच पिकत आणि वात घरच्या कापसाची. कोनाड्यात वारा अडतो, तिथे पणती तग धरते. उघड्या हातावर ती टिकत नाही, तिथे तेलात भिजवलेला काकडा लागतो. खंडोबाच्या भक्ताजवळ दिवटीसोबत बुधली असते ती यासाठीच. जळत्या चिंधीला सतत तेल पाजावे लागते. तेल संपले की उजेड संपतो. दीपमाळेचा उजेड काही घटकांचाच असणार, हे तिच्या घडणीतच ठरलेले आहे.

पुढे रॉकेल आले. हा शब्दही मजेदार : 'रॉक ऑइल', म्हणजे खडकातले तेल, बोलता बोलता रॉकेल झाले. घरोघरी कंदील आणि चिमणी आली, पण देवापुढे मात्र तिळाचेच तेल राहिले. त्यानंतर विजेचे बल्ब, आणि आता एलईडीच्या माळा. पांढरी एलईडी शक्य झाली ती निळ्या एलईडीच्या शोधामुळे. त्याबद्दल तीन शास्त्रज्ञांना २०१४ चे नोबेल मिळाले. तेलाच्या ज्योतीचे वर्णतापमान १९०० केल्विनच्या आसपास असते. बाजारातील थंड पांढऱ्या दिव्याचे ६५०० केल्विन. त्या निळसर उजेडात काळा दगड राखेसारखा फिकट दिसतो, आणि पावसाळ्यात किडे त्याकडे अधिक ओढले जातात.

याच ठिकाणी मला थोडे रागाने लिहावे लागेल. मागच्या वर्षी एका गावात मी दीपमाळ पाहायला गेले. दगडांच्या सांध्यांत लोखंडी खिळे ठोकून दिव्यांच्या माळा गुंडाळल्या होत्या. लोखंड गंजले की फुगते आणि दगडाला आतून तडा देते. त्याहून वाईट म्हणजे चौथऱ्यावर तैलरंगाचे जाड थर चढवले होते. त्याखाली अक्षरे होती, बोटांना त्यांची खोली लागत होती. वाचता मात्र एकही आले नाही. ज्याने नवस फेडून ती बांधली, त्याचे नाव उत्साहाच्या भरात बुजले. विजेला माझा विरोध नाही. जमिनीवर, दोन पावले दूर, मंद पिवळा झोत ठेवला तर खांबाला हातही लागत नाही आणि दगडी हातांच्या सावल्याही सुरेख पडतात.

तर मामा, तुमच्या प्रश्नाकडे. तुमच्या दीपगृहाकडे पाहणारा कोणी समुद्रात नाही. तो ओसरीवर, दहा पावलांवर चहा घेत बसलेला आहे. त्यामुळे मिचकणारा आणि रंग बदलणारा दिवा नको. काचेच्या खोलीत अगदी लहान, २२०० केल्विनच्या जवळचा पिवळसर बल्ब पुरे. काच दुधी असेल तर डोळ्यांना तो टोचणार नाही. आणि शक्य असेल तर गवंड्याकडून मनोऱ्याच्या अंगावर चार-सहा लहान हात काढून घ्या, पणती मावेल एवढे.

हे सगळे मी त्यांना सांगितले. थोडा वेळ शांतता, मग उत्तर आले : "तुझ्या आजीनं परवाच त्याच्या पायथ्याशी पणती ठेवली. म्हणे, तुळशीची एक, याची एक."

वाचकहो, आपल्या गावात दीपमाळ असेल तर तिच्या चौथऱ्याकडे एकदा नीट पाहा. अक्षरे दिसली, तर पुढचा रंग चढण्याआधी तिरप्या उजेडात, सकाळी लवकर किंवा मावळतीला, छायाचित्र घ्या आणि या धाग्याखाली गावाच्या नावासह टाका. वाचण्याचा प्रयत्न आपण मिळून करू.